सुपडू नानांची अकरा घरं

सुपडू नाना कुणालाही ‘बस’ म्हणत नसत. ज्याला बसायचं तो बसतो आणि ज्याला काम आहे तो उभ्यानं सांगतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या ओसरीवर एक लांब बाक होता. पंधरा वर्षांत मी त्यावर मोजून चार वेळा बसले असेन. बाकी सगळ्या वेळी काम होतं.

नाना जळगावच्या एका हायस्कुलात हिंदी शिकवत. मी त्यांची विद्यार्थिनी. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या खिशाला लाल रिफिलचं पेन असायचं. दुकानांच्या पाट्या, मंदिरातल्या सूचना, नगरपालिकेची नोटीस, दिसेल ते तपासत. लग्नपत्रिका आली की चुका दुरुस्त करून यजमानाच्या घरी परत द्यायचे आणि लग्नालाही जायचे. कुणी रागावलं तर म्हणायचे, “छापून झाल्यावर दाखवलीस. आधी आणली असतीस तर पोरीचं नाव तरी बरोबर आलं असतं.”

ठेंगणा माणूस, कडक टोपी, बारीक आवाज. वर्गात त्यांनी कधी कुणाला मारलं नाही. तशी गरज पडत नसे. ते चूक सांगायचे आणि तुम्ही ती दुरुस्त करेपर्यंत तुमच्याकडे बघत राहायचे. बायको लवकर गेली, मुलगा सुरतेला कामाला. नाना एकटेच राहत. स्वतःच्या हातानं भाकरी करत, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन.

मी पुढे गावातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थी विभागाला लागले. नव्वद सालानंतर काश्मीर खोऱ्यातली पंडितांची कुटुंबं घरदार सोडून जम्मूच्या तंबूंत राहायला आली, हे आम्ही पेपरात वाचलं होतं. त्यांच्या मुलांसाठी आपल्या राज्यानं कॉलेजांत काही जागा ठेवल्या, हे मात्र मला प्राचार्यांच्या टेबलावर पत्र आलं तेव्हा कळलं. सहा मुलं आमच्याकडे येणार होती. प्रवेशाचं लिहिलं होतं, फी माफीचं लिहिलं होतं. ती राहणार कुठे आणि खाणार काय, याबद्दल काहीच नव्हतं. आमच्या हॉस्टेलचं बांधकाम अजून जोत्यापर्यंतच आलेलं.

मी नानांकडे गेले. गावात नीट हिंदी बोलणारं दुसरं कोणी माझ्या ओळखीचं नव्हतं.

“किती?” नानांनी विचारलं.

“सहा.”

“मुलगी कोणी?”

“नाही.”

“मग सोपं आहे. वार लावू.”

वार लावून जेवणं ही आपल्याकडची जुनी पद्धत. शिकायला परगावी आलेला गरीब मुलगा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असा आठवडा काढायचा. माझ्या लहानपणीच ती संपत आली होती. नाना धरणगावजवळच्या खेड्यातले, पारोळ्याला शिकलेले, सात घरी जेवून. बुधवारच्या घरची बाई त्यांना गोठ्याच्या बाजूला बसवायची आणि उभ्यानं वरून वरण ओतायची. “विटाळ-बिटाळ काही नाही. आम्ही त्यांच्यातलेच. तिला वाकायचा कंटाळा,” नाना सांगायचे. “निम्मं पानात, निम्मं मांडीवर. मांडी भाजायची. पण बुधवारी मी कधी गैरहजर राहिलो नाही.” हे ते तक्रार म्हणून नव्हे, प्रशस्तिपत्रक दाखवावं तसं सांगायचे. मुद्दाम म्हणून हे लिहिते आहे. त्या बाईनं आपल्याला घडवलं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

आठ दिवसांत त्यांनी अकरा घरं मिळवली. प्रत्येक घरानं तीन-चार वार घेतले. कोणत्या मुलानं कोणत्या वारी कुठे जायचं, त्याचा तक्ता मी केला. घरं वाण्यांची, ब्राह्मणांची, मारवाड्यांची, जैनांची, सगळी शाकाहारी. तेलाचे व्यापारी मोतीशेठ यांनी गच्चीवरची खोली दिली. दोन पाटील मंडळी आपण होऊन आली होती, त्यांना नानांनी परत पाठवलं. “तुमच्याकडे रविवारी मटण शिजतं. ती पंडितांची पोरं आहेत,” ते म्हणाले. “पंडित” हा शब्द त्यांनी अकराही घरी वापरला होता. लोकांच्या डोळ्यांपुढे सोवळ्यातली, श्लोक म्हणणारी मुलं उभी राहिली होती.

मुलं आली ती ऑक्टोबरच्या उन्हात. नानांनी सगळ्यांना ओसरीवर ओळीनं उभं केलं आणि घरी काय खात होता, असं हिंदीत विचारलं. पहिल्यानं भात आणि पालेभाजी सांगितली. शेवटी उभा होता राकेश. उंच, मोठ्या नाकाचा, बोलायची घाई असलेला.

“गोश्त,” तो म्हणाला. “पंडित हैं तो क्या हुआ. हमारे यहाँ तो शिवरात्रि में भी बनता है.”

नानांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. मग म्हणाले, “आज के बाद यह बात तुम लोग भूल जाओ.” आणि माझ्याकडे वळून मराठीत, “सुमन, तू काही ऐकलं नाहीस.”

“नाही,” मी म्हटलं.

मग नियम सांगितले. वेळेवर जायचं. दार बंद असेल तर एकदाच कडी वाजवायची, उघडलं नाही तर परत फिरायचं. तिसरी पोळी मागायची नाही. आपलं ताट आपण घासायचं. जेवणाचं कौतुक करायचं नाही आणि धन्यवाद म्हणायचं नाही. “धन्यवाद म्हटलं की तुम्ही पाहुणे होता,” नाना म्हणाले. “पाहुणा चार दिवसांचा असतो. तुम्हाला चार वर्षं काढायची आहेत.”

लगेच अकरा घरं दाखवायला निघाले. भर दुपारी, पायी. सातव्या घरापाशी एक मुलगा चक्कर येऊन पडला. नानांनी त्याच्या तोंडावर पाणी मारलं, टोपीनं वारा घातला, तो उठून बसला तेव्हा म्हणाले, “उठ. चार राहिली.”

ते दुष्ट होते का, असं मला नंतर अनेकांनी विचारलं. याच मुलाला पुढे टायफॉइड झाला तेव्हा नाना अकरा दिवस सिव्हिल हॉस्पिटलात त्याच्या खाटेशी होते. त्याची घाण स्वतः काढली. तो शुद्धीवर आल्यावर त्याला मराठीतले पाढे म्हणायला लावले, हेही खरं.

रोज सकाळी ते मुलांना तासभर मराठी शिकवत आणि त्यांची हिंदी दुरुस्त करत. एकदा एक मुलगा जम्मूहून आलेलं पत्र घेऊन आला. गावातलं त्यांचं घर कुणीतरी पेटवून दिलं होतं. पत्र हातात धरून तो म्हणाला, “नानाजी, हमारी मकान जल गई.” नाना म्हणाले, “मकान पुल्लिंग आहे. हमारा मकान जल गया. म्हण.” मुलगा बघत राहिला. नानाही बघत राहिले. शेवटी त्यानं म्हटलं. बरोबर म्हटलं. मग नानांनी पत्र घेतलं, पूर्ण वाचलं, आणि त्या दिवशीचा तास तिथेच संपवला.

राकेश या सगळ्याला पुरून उरायचा. मराठी त्यानं सर्वांत आधी उचलली. त्याचा गुरुवार शांताअक्कांकडे होता. शांताअक्का म्हणजे मोतीशेठच्या थोरल्या भावजय, विधवा, उपासतापास करणाऱ्या. त्यांच्या घरी तो ताट घासता घासता बोलत राहायचा आणि अक्का ऐकत राहायच्या. एका सोमवारी त्याच्या वाट्याचं घर लग्नाला निघून गेलं होतं, आणि हा बंद दारावरून परत फिरला. नियमाप्रमाणे तिथेच संपायला हवं होतं. पण तो नानांकडे आला. मीही तक्त्यात बदल करायला तिथे होते. नाना जेवत होते.

“आज दार बंद होतं,” राकेश म्हणाला.

“मग?”

“मग काही नाही.”

“तुझा वार माझ्याकडे नाही,” नाना म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला. ताटात दोनच भाकरी होत्या, त्यातली एक संपत आली होती. हे त्यांनी सांगितलं नाही. राकेश दारात उभा राहिला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “नाना, पाण्याचा वार कोणाकडे आहे?”

मी नानांना हसताना पाहिलं ते तेव्हाच. ठसका लागेपर्यंत हसले. उठून तांब्याभर पाणी आणून दिलं. पाणीच दिलं.

महाशिवरात्र आली. परीक्षेला दोन महिने होते. मुलांनी दोन दिवस सगळ्या घरांतून सुट्टी मागून घेतली, खोलीवर पूजा आहे म्हणून. घराघरांत कौतुक झालं. एवढ्या लांब येऊन पोरं शंकराला विसरली नाहीत, असं बायका एकमेकींना सांगत होत्या. शांताअक्कांना राहवलं नाही. आपला निर्जळी उपास असूनही त्यांनी भगर, दाण्याची आमटी आणि रताळ्याचा कीस केला, आणि डबा घेऊन दुपारी मोतीशेठच्या गच्चीचे जिने चढल्या.

दार राकेशनं उघडलं. आत मातीची मडकी मांडलेली होती, त्यांना झेंडूच्या माळा, पाण्यात अक्रोड. गंध, उदबत्ती, सगळं. आणि स्टोव्हवर मटण. राकेशच्या हातात पळी होती. नानांचा ‘भूल जाओ’ तो त्या दिवशी खरंच विसरला असावा, किंवा सणाच्या दिवशी घरी येणाऱ्या बाईला काय सांगतात तेवढंच त्याला आठवलं असावं. तो हसून म्हणाला, “या अक्का. प्रसाद घ्या.”

अक्कांनी डबा उंबऱ्याबाहेर ठेवला आणि त्या उतरून गेल्या. डबा परत नेला नाही.

संध्याकाळपर्यंत अकरा घरांना कळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी नानांच्या ओसरीवर जमली. मोतीशेठ बाकावर, बाकीचे उभे, अक्का खांबाला टेकून. सहा मुलं अंगणात, उन्हात. मी तक्ता घेऊन कोपऱ्यात.

“नाना, तुमच्या शब्दावर आम्ही पोरांना स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊ दिलं,” मोतीशेठ म्हणाले. “तुम्ही पंडित म्हणाला होतात.”

“पंडितच आहेत.”

“शिवरात्रीला मटण खाणारे पंडित? आमची खोली संध्याकाळपर्यंत मोकळी पाहिजे. आणि बाकी घरांचं म्हणाल तर कोणाचीच आता इच्छा नाही.”

कोणीतरी मागून म्हणालं, “ताटंसुद्धा फेकावी लागतील.”

शांताअक्का एवढंच म्हणाल्या, “मला पळीतल्याचं काही नाही. तो हसत होता.”

आता नानांचं काय चुकलं ते सांगायला पाहिजे. त्यांना एक वाक्य बोलता आलं असतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मी तुमच्यापासून लपवलं. ते बोलले असते तर लोक नानांवर रागावले असते, आणि त्यांच्याबरोबर सहाही मुलं उपाशी राहिली असती. किंवा राहिली नसती. ते कळायला आता मार्ग नाही. नानांनी तो धोका घेतला नाही.

“पाच पोरांनी शिवलंसुद्धा नाही,” ते म्हणाले. “हे एकाचं काम आहे. राकेश, पुढे ये.”

राकेश पुढे आला.

“किसने पकाया?”

“हमने,” राकेश म्हणाला.

“हमने नाही. एकवचनात सांग.”

राकेशनं मागं वळून बाकीच्या पाचांकडे पाहिलं. मटण आणणारा त्यांच्यातलाच होता. बाजारातून आणलं होतं, कागदात गुंडाळून. नानांना तेही माहीत होतं, सकाळीच त्यांनी एकेकाला विचारून घेतलं होतं. पाचही जण जमिनीकडे बघत होते. नाना चूक दुरुस्त व्हायची वाट बघत होते, वर्गात बघायचे तसे.

“मैंने,” राकेश म्हणाला.

“मराठीत. चुकलो म्हण. अक्कांकडे बघून म्हण.”

“चुकलो, अक्का.”

“आजपासून याची खोली बंद. याचे वार बंद,” नानांनी जाहीर केलं. “पाचांची जबाबदारी माझी. पुन्हा काही घडलं तर मी स्वतः त्यांना गाडीत बसवून देईन.”

थोडी कुजबुज झाली. मोतीशेठ उठताना म्हणाले, “नाना आहेत म्हणून.” संध्याकाळी मी नवा तक्ता केला, पाच नावांचा. दुसऱ्या दिवसापासून पाचही मुलं वेळेवर जेवायला गेली.

राकेश चार-पाच दिवस वर्गात दिसला. नंतर दिसेना. तो कुठे झोपतो, काय खातो, हे मी विचारलं नाही. त्या आठवड्यात परीक्षेचे अर्ज विद्यापीठात पाठवायचे होते आणि मी ते मुदतीत पाठवले. त्याचा अर्ज सही नसल्यामुळे मागे राहिला. नानांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “तगडा आहे तो. तगेल.” पुढची तीन वर्षं कुणीही राकेशचं नाव काढलं की त्यांचं हेच उत्तर असे.

पाचही मुलं इंजिनिअर झाली. दोघं पुण्याला, दोघं दिल्लीला, एक बंगलोरला. त्यांचे वडील जम्मूहून नानांना पत्रं पाठवायचे, नाना ती तपासून ठेवायचे. गावानं नानांना शाल-श्रीफळ दिलं. भाषणात मोतीशेठनी अकरा घरांची नावं वाचली. नाना उत्तराला उभे राहिले आणि “काम झालं” एवढंच बोलून बसले.

त्यानंतर महिन्याभरानं ते माझ्या कचेरीत आले, हातात कागद घेऊन. राकेशची पहिल्या वर्षाची राहिलेली परीक्षा द्यायची मुदत त्या उन्हाळ्यात संपत होती. नानांनी विद्यापीठात खेटे घालून राकेशचा अर्ज मिळवला होता, प्राचार्यांची शिफारस घेतली होती, राहायला जागा पाहिली होती.

“तो नरडाण्याला आहे,” ते म्हणाले. “तेलाच्या कारखान्यात. अहिराणी बोलणारा काश्मिरी म्हणून लोक सांगतात. रविवारी जायचं.”

पॅसेंजरनं गेलो. औद्योगिक वसाहतीच्या कडेला पत्र्याची दोन घरं, त्यातलं एक भिकाआबा नावाच्या हमालाचं. राकेश कामावर होता. भिकाआबांची बायको ठकूबाई भाकरी थापत होती. तिनंच सांगितलं. राकेश जम्मूला जायला निघाला होता, बिनतिकीट, तेही उलट्या दिशेच्या गाडीत बसून. तपासनिसानं नरडाण्याला उतरवलं. सरकीच्या पोत्यांवर पडलेला भिकाआबांना सापडला.

“दोन दिनना उपाशी व्हता हाऊ पोऱ्या,” ती म्हणाली. “आम्ही इचारंच नही, तू काय खास म्हनीसन. घरमा व्हतं ते वाढी दिनं.” मग नानांकडे निरखून पाहत, “तुम्हीन याना गुरुजी शेतस का?”

“हां,” नाना म्हणाले.

“मंग त्याले इतलं शिकाडीसन एकला कसा सोडा?”

नानांनी हातातल्या कागदांची घडी सारखी केली.

राकेश आला. अंगाला सरकीचा वास, हात तेलानं काळे. यंत्रावर तो मुख्य झाला होता, बिघाड झाला की लोक त्यालाच बोलावत. नानांना पाहून त्याला आश्चर्य वाटलं असेल तर दिसलं नाही. त्यानं हात पुसले, अर्ज वाचला, शिफारस वाचली.

“तीन वर्षं जळगावला राहावं लागेल,” तो म्हणाला. त्याची मराठी आता माझ्यासारखीच होती.

“जागा पाहिली आहे. जेवणाचं मी बघतो. माझ्याकडे.”

“इथलं काम सोडावं लागेल.”

“तीन वर्षं. मग इंजिनिअर होशील.”

“मी झालो आहे,” राकेश म्हणाला. “आईला बाकीच्यांचा निकाल लागला तेव्हाच कळवलं. दिवाळीला ती येते आहे, कायमची. तंबूत तिला दम लागतो.” त्यानं कागद घडी करून परत दिले. “काम सोडलं तर तिला ठेवू कुठे?”

नाना कागदांकडे बघत राहिले.

“एक विचारू, नाना? त्या दिवशी सहा जण होतो. मीच का?”

मला वाटलं, तगडा होतास, हेच उत्तर येईल. राकेशलाही तसंच वाटलं असावं. तो अर्धवट हसत होता.

“त्या पाचांचे बाप होते,” नाना म्हणाले. “मला पत्रं लिहायचे. एकाला जरी काढलं असतं तर बाप जळगावला येऊन उभा राहिला असता, सगळं बाहेर आलं असतं. तुला फक्त आई. तिला लिहिता येत नव्हतं. तुझ्यामागे विचारायला कोणी येणार नव्हतं.”

ठकूबाईची भाकरी तव्यावर करपल्याचा वास आला.

“बरोबर,” राकेश शेवटी म्हणाला. “मलाही तेच वाटलं होतं.” मग थोड्या वेळानं, “दिवाळीनंतर एकदा या. आईला तुम्हीच सांगा मी पास झालो म्हणून. मास्तरांनी सांगितलं की तिला खरं वाटेल.”

“खोटं सांगू?”

“तुम्हाला जमतं,” राकेश म्हणाला.

दिवाळीनंतर एका ओळीचं कार्ड आलं. नानांना आता मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं, म्हणून मी सोबत गेले. राकेशची आई लहानखुरी होती, डोक्याला पांढरं वस्त्र बांधलेली. दोन्ही कानांतून लाल दोरा छातीपर्यंत लोंबत होता. त्याच्या टोकाला एके काळी सोनं असणार. आता नुसता दोरा होता. तिला हिंदी येत नव्हती. राकेश मधे बसला.

नाना आपल्या शुद्ध हिंदीत म्हणाले, “आपका बेटा छहों में सबसे आगे रहा. इंजिनियर हो गया है.” एकही शब्द अडखळला नाही. राकेशनं ते तिच्या भाषेत सांगितलं. तिनं नानांचे दोन्ही हात ओढून घेतले आणि डोळ्यांना लावले. काहीतरी विचारलं.

“ती विचारते, परक्या मुलखात याला जेवायला कोणी घातलं?”

ठकूबाई चुलीशी होती, पाठमोरी. हिंदी तिला तेवढी समजत असे.

“हमारे यहाँ खाता था,” नाना म्हणाले. “रोज.”

राकेशनं तेही सांगितलं. ठकूबाईनं वळून पाहिलं नाही. म्हातारी नानांच्या पायांवर वाकली. नानांनी पाय मागं घेतले, पण ती सरकून आली आणि पाय धरूनच तिनं आणखी एक प्रश्न विचारला. या वेळी राकेशला भाषांतर करायला वेळ लागला.

“कधी काही चूक केली का यानं, असं विचारते आहे.”

नानांनी तिच्याकडे पाहिलं नाही. राकेशकडे पाहिलं, त्या डोळ्यांनी जेवढं दिसेल तेवढं.

“नहीं,” ते म्हणाले. “इसने कोई गलती नहीं की.”

राकेशनं हे तिला सांगितलं नाही. तिनं त्याची बाही ओढली, काय म्हणाले ते विचारलं, पुन्हा ओढली. तो उठला आणि बाहेर गेला. ती पाय तसेच धरून नानांच्या तोंडाकडे बघत बसली, उत्तराची वाट बघत. नानांनी एकदा नकारार्थी मान हलवली, पण त्याचा अर्थ तिला काय लागला कोण जाणे, तिचा चेहरा उतरला. नानांना ते दिसलं. तिच्या भाषेतला एकही शब्द त्यांना येत नव्हता.

राकेश परत आला तेव्हा त्याच्या हातात आमच्या चपला होत्या. त्यानं त्या उंबऱ्याशी ठेवल्या, टाचा आमच्याकडे करून, नीट जोडून.